माइकचं कुंकू

आमच्याकडे नवीन वस्तू आली की तिला आधी हळदकुंकू लागतं, मग ती चालू होते. फ्रिजला लागलं, ह्यांच्या स्कूटरला लागलं, गिझरला तर मी स्टुलावर चढून लावलं होतं. त्यामुळे मुलीनं पुण्यातून ऑनलाइन मागवून दिलेला यूएसबी माइक जळगावला आमच्या दारात आला, तेव्हा तो काय वेगळा? खोक्यातून काढला, टेबलावर उभा केला, काळाभोर, बुटका, जाळीच्या तोंडाचा. समोर एक बारीक खळगा होता, देवानं जणू जागाच करून ठेवलेली. तिथे बोटानं ठसठशीत कुंकू लावलं, पायाशी जास्वंदीचं फूल ठेवलं आणि ह्यांना म्हटलं, लावा आता वायर.

माइक मला हौसेला नको होता. तो हवा होता अक्कासाठी.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. धुळ्याला देवपुरात असते. खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, श्रावणात एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप द्यायचं, साडी नेसवायची, दागिने घालायचे, चौरंगावर बसवायचं, रोटांचा नैवेद्य करायचा आणि सोमवारी सकाळी गात गात नदीवर नेऊन तिला निरोप द्यायचा. निरोपाची गाणी अहिराणीत. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. टाकणारीच नसेल तर झेलणाऱ्या गल्लीभर असून काय उपयोग? देवपुरातल्या त्या गल्लीत ओळ टाकणारी अक्का. लग्न होऊन गेली तेव्हापासून तीच.

तर यंदा अक्काच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. सगळं ठीक झालं, काळजीचं काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं की काही महिने गाणं बंद आणि बोलणंसुद्धा मोजकं. अक्काला बोलणं बंद म्हणजे पांझरेला वाहू नको सांगण्यासारखं. तिच्या सुनेनं बिचारीनं मार्ग काढला, की बाजारात मिळतात ती कानबाईची गाणी खोक्यावर लावू. खोका म्हणजे तो हातगाडीवर ठेवायचा मोठा स्पीकर. पण ती गाणी बँडबाजासकट धावत सुटतात, बायकांना झेलायला मध्ये जागाच नसते. मग बायका नुसत्या मागे चालतात, दुसऱ्याच्या वरातीत चालल्यासारख्या. अक्कानं मला मोबाइलवर लिहून पाठवलं, ‘माझी कानबाई मुकी जाईल गं.’

माझ्या घरी त्याच दिवशी कानबाई. मी धुळ्याला जाऊ शकत नव्हते. पण गाणी दोघींची एकच, मायनं कपाशी वेचता वेचता शिकवलेली. मी ओळ टाकते, बायकांपुरती जागा सोडते, पुढची ओळ टाकते आणि तेवढं रेकॉर्ड करून पाठवते, असं ठरलं. आधी फोनवर करून पाठवलं. सुनेनं ते खोक्यावर लावून पाहिलं आणि अदबीनं कळवलं की मावशी, तुम्ही विहिरीत उतरून गाताय असं वाटतंय. म्हणून तर माइक.

आता माइकची कथा. पहिल्या दिवशी तो लॅपटॉपला दिसेचना. आमचे हे पाइपच्या कंपनीतून रिटायर झालेले, मशीन म्हटलं की बाह्या सरसावतात. वायर काढली, फुंकर मारली, परत घातली. शेवटी मुलीला फोन. तिनं विचारलं, कशात खुपसलाय? ह्यांनी तो एका आखूड पट्टीत घातला होता, जिच्यात आधीच माउस, पंखा आणि ह्यांच्या भजनांचा पेनड्राइव्ह लटकत होता. मुलगी म्हणाली, एवढ्यांच्या पंगतीत त्याला काय मिळणार, सरळ लॅपटॉपला लावा. लावला. दिसला. आम्ही दोघांनी चहा घेतला.

मग मी गायले आणि ऐकून पाहिलं, तर शेजारचा मिक्सर खणखणीत, रस्त्यावरचा भंगारवाला त्याहून खणखणीत, आणि मी कुठेतरी लांब भुसावळच्या बाजूला. मुलगी फोनवर इतकी हसली. म्हणाली, आई, लॅपटॉप अजून स्वतःच्याच कानानं ऐकतोय, नवा माइक नुसता शोभेला बसलाय. सेटिंगमध्ये जाऊन आवाज कुठून घ्यायचा ते निवडायचं असतं म्हणे. ह्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि निवडलं. मी ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का’ म्हटलं, तशा पडद्यावर रेघा उसळल्या, सातपुड्याचे डोंगर दिसावेत तशा. ऐकलं तर काय आवाज! माझाच श्वास मला ऐकू आला.

आणि इथून खरं दुखणं सुरू झालं. हॅलो म्हटलं की डोंगर. गाणं सुरू केलं की सपाट. अगदी सपाट, फूटपट्टीनं ओढल्यासारखी रेघ. वायर काढून घातली, हॅलो म्हटलं, डोंगर. डोळे मिटून गाणं म्हटलं, उघडले तर सपाट. ह्यांनी वायर पुन्हा काढून घातली आणि स्वतः बसून पेपरातले भाजीचे भाव वाचून पाहिले. वांगी, गिलकी, कांदा, सगळं स्वच्छ आलं. मला मेलं वांग्याच्या भावाचा हेवा वाटला.

हे म्हणाले, “मला आयुष्यभर ऐकावं लागलं. त्याला निवड आहे.”

मुलीनं पुण्याहून ऑफिसच्या मधल्या सुट्टीत सगळे उपाय सांगितले, प्रत्येकाआधी वायर काढून घालायला लावली. दुसरी वायर लावून झाली. दुसरं अॅप घेऊन झालं. परवानग्या देऊन झाल्या, लॅपटॉप बंद करून सुरू केला, त्याचं काहीतरी नवं उतरवून घेतलं. आवाजाची पट्टी कमी केली, माझा सूर चढा लागतो म्हणून असेल असं तिला वाटलं. मी अगदी बाळाला निजवताना गातात तसं गायले. सपाट. मध्येच एकदा खोकला आला म्हणून थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली आणि ते अर्धं गाणं चक्क आलं! आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्या गाण्याला पुन्हा तेच. घरात जावई रुसून बसावा तसा तो टेबलावर बसलेला, आणि आम्ही त्याच्या मर्जीकडे बघतोय.

शेवटी मुलगी म्हणाली की तुकडाच खराब दिसतोय, परत पाठवू, दुसरा येईल. पण दुसरा येईपर्यंत कानबाई येऊन जाणार होती. कानबाई उद्यावर आली होती.

अक्काला हे कळवायचं माझ्याच्यानं होईना. लिहून कळवणं बरं दिसत नाही म्हणून दुपारी व्हिडिओ कॉल लावला, फोन बाजूच्या साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तिकडे अक्का गळ्याभोवती मऊ रुमाल गुंडाळून बसलेली. मी सगळं सांगितलं. बोलायचं नव्हतंच तिला. तिनं हातानं खूण केली, गा. माझ्यासाठी गा, एवढंच.

मग मी गायले. माइक समोर होताच. सवयीनं, गाणाऱ्या बाईनं जसं करावं तसं, मी आधी त्याच्या डोक्याला हात लावला, तो कपाळाला लावला, डोळे मिटले आणि ओळ टाकली.

दोन ओळी झाल्या असतील, तर फोनमधून टिचक्या ऐकू आल्या. डोळे उघडले. अक्का आपल्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावत होती आणि मग मूठ उघडत-मिटत होती. मला वाटलं माझी टिकली सरकली. मी सारखी केली. तिनं जोरात मान हलवली. पुन्हा कपाळ, पुन्हा मूठ. हे मागून म्हणाले, देवी अंगात आली की काय. तशी अक्कानं फोनकडे बोट रोखलं, म्हणजे माझ्या पुढ्यातल्या माइककडे, आणि डॉक्टरांचा शब्द मोडून घोगऱ्या आवाजात म्हणाली, “त्यानं कुंकू पेटनं. तू हात लावा ना, तवय.”

मी वाकून बघितलं. माइकचं कुंकू खरंच पेटलं होतं. त्या खळग्यात बारीक दिवा होता, आणि तो कुंकवाखालून लाल लाल उजळला होता. हात लावला, विझला. हात लावला, पेटला.

ह्यांनी मुलीला फोन केला. तिकडे डोक्यावर हात मारल्याचा आवाज आला. माइकच्या डोक्यावर, अगदी वरच, स्पर्शाचं बटण असतं. नुसतं बोट टेकलं की माइक मुका होतो आणि लाल दिवा लागतो. परत टेकलं की बोलता होतो. तिनं हा माइक कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, परस्पर आमच्याकडे पाठवला होता. आणि लाल दिव्यावर मी लालच कुंकू लावलेलं, कोणाला काय दिसणार? हॅलोच्या आधी कोणी नमस्कार करत नाही. भाजीच्या भावाच्या आधी तर नाहीच. गाण्याच्या आधी मी दर वेळी करत होते, म्हणजे दर वेळी भक्तिभावानं त्याचं तोंड बंद करत होते. खोकल्यानंतरचं अर्धं गाणं का आलं तेही कळलं. मी दुसऱ्यांदा नमस्कार केला होता.

अक्काला हसायचीही बंदी होती. ती रुमालात तोंड खुपसून नुसती हलत होती, डोळ्यांतून पाणी. मग रुमाल काढून हळूच म्हणाली, “डोकावर हात ठेवा तर तो आशीर्वाद व्हस, बहीण. नमस्कार पायले करतस.”

मोठ्या बहिणीनं कान धरावा तो असा. मी दिवा विझवला, मग माइकच्या पायाला, म्हणजे त्याच्या त्या गोल बैठकीला हात लावला, कपाळाला लावला आणि बसले गायला. त्याच दुपारी सगळी गाणी केली. स्वयंपाकघरात रोटांबरोबरच्या पुरणाची डाळ शिजत होती, तिला थांबवून चालण्यासारखं नव्हतं. एका गाण्यात मधोमध कुकरनं शिट्टी दिली. पुन्हा करावं म्हटलं तर हे म्हणाले, असू दे, कानबाईला कळेल की नैवेद्य होतोय. गाणी मुलीकडे गेली, मुलीकडून अक्काच्या सुनेकडे.

सोमवारी आम्ही आमच्या कानबाईला निरोप देऊन आलो, पाय धुतले आणि मी फोन उघडला. सुनेनं व्हिडिओ पाठवला होता. पांझरेकडे जाणारा रस्ता, डोक्यावर कानबाई घेतलेली सून, हातगाडीवर खोका, खोक्यातून मी. मी ओळ टाकली आणि थांबले, आणि त्या जागेत अख्खी गल्ली गायली. म्हाताऱ्या, लेकी, कडेवर पोरं घेतलेल्या. एक ओळ, एक जागा, एक ओळ, एक जागा. अक्का गाडीच्या अगदी पुढे चालत होती, माझ्या प्रत्येक ओळीला तिचे ओठ हलत होते. आवाज माझा आणि तोंड तिचं. पाहणाऱ्याला वाटावं तीच गातेय. मला तर तसंच वाटलं.

नदी आली तसा व्हिडिओ संपला. मी तो ह्यांना दाखवला, शेजारणीला दाखवला, पुन्हा एकटीनं पाहिला.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. व्हिडिओ नाही, साधा. दिवसभरात वाचवून ठेवलेला आवाज तिनं माझ्यासाठी खर्च केला.

“बठ्ठं ऐकू उनं,” ती म्हणाली. बठ्ठं म्हणजे सगळं. “तुना कुकर बी.”