बेसिक पॅकात न बसलेली भाषा

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच सोफेवाल्या काकांचं दुकान आहे. जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. पण त्यांना कोणी अबोल म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे! तोंडात खिळे तसेच धरून, हातोडी बाजूला टाकून ते बहिणीशी व्हिडिओवर अशा काही गप्पा हाणायचे की समोरचा सोफा पोट फाडल्यासारखा पडलेला आणि गिऱ्हाईक ताटकळत.

बहीणही तशीच. शाळा दोघांनी पाहिली नाही. लहानपणी दोघांनी मिळून हातांची आपली भाषा बनवली: बाबांसाठी मिशीला पीळ, भांडकुदळ शेजारणीसाठी फुगवलेले गाल. आईवडील गेले, काकांनी लग्न केलं नाही, आणि बहीण मुलीकडे परदेशी राहायला गेली. म्हणजे ती भाषा बोलणारी माणसं जगात दोनच, आणि दोघांच्या मधे एक मोबाईल.

मग मोबाईल कंपनीने इंटरनेटचे पॅक बदलले. बेसिकमध्ये फोन आणि मेसेज सुसाट, व्हिडिओ मात्र रखडत. सगळंच वेगात हवं तर वरचा पॅक घ्या, तो काकांच्या आवाक्याबाहेरचा. आणि जाहिरात काय, तर ‘मनसोक्त बोला!’ डोंबल बोला!

बहिणीचा हात वर जायचा आणि तिथेच थिजायचा. पुढचं चित्र येईपर्यंत तो खाली मांडीवर. मधलं सगळं गायब. काका आपला हात हवेत तसाच धरून ठेवायचे, तिकडे पोचेल म्हणून, अगदी भरून येईपर्यंत.

मी कंपनीला फोन लावला. तक्रार फोनवरच घेतात म्हणे. पलीकडची पोरगी म्हणाली, “मॅडम, नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलायला द्या.”

“अगं बाई, त्यांना बोलता आलं असतं तर मी कशाला फोन केला असता?”

“मग त्यांना नुसतं ‘हो’ म्हणायला सांगा.”

मी फोन आपटला. काका आशेने माझ्या तोंडाकडे बघत होते.

टीव्हीवर रोज तोच वाद: सगळ्यांना सारखं इंटरनेट, की ऐपत तसा वेग? एक सुटातला म्हणाला, “गरजेच्या गोष्टी आम्ही जलदच ठेवल्यात.” कोणाची गरज कोण ठरवणार रे, तू? काकांनी खुणेने विचारलं, काय चाललंय? भांडतायत, मी सांगितलं. आपल्यासाठी? मी मान डोलावली. तेवढ्यावरच ते खूश झाले.

महिने गेले. कॉल कमी होत गेले. सोफे वेळेवर तयार व्हायला लागले, आणि गिऱ्हाईकं म्हणायची, काका हल्ली वक्तशीर झाले हं! त्या शांत दुकानात नुसती हातोडी ऐकू यायची, तीही त्यांना नाही, मलाच. मग काकांच्या भाचीचा मला मेसेज आला: ‘आई एकटी रडत बसायची. इथल्या मूकबधिरांच्या मंडळात घातलंय, आता खुलली आहे.’ मी काकांना अंगठा दाखवला, बहीण मजेत! ते हसले आणि पुन्हा कामाला लागले.

शेवटी टीव्हीवरच्या त्या वादाचा निकाल लागला. कंपन्यांनी असा भेदभाव करायचा नाही, सगळ्याला एकच वेग. मी धावतच शेजारी गेले. काकांनी तोंडातले खिळे डबीत टाकले, केस विंचरले आणि फोन सोफ्याच्या पाठीला टेकवला.

बहीण आली. कशी लख्ख! कुठे अडखळणं नाही. हात भराभर चाललेले, बोटं पटापट वळणारी, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी टाळ्याच वाजवणार होते. काका मान डोलावत होते. मग ते डोलावणं हळूहळू थांबलं. त्यांनी खूण केली, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं, तसंच, आणखी उत्साहाने. मंडळातली भाषा होती ती. तिकडे तिला रोज बोलायला माणसं मिळाली होती, हातांना तेच वळण लागलं होतं.

काकांनी माझी बाही ओढली. फोनकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, काय म्हणतेय ती?