आबांनी न सांगता श्वास रोखला

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाय, म्हणून इथं लिहितेय.

मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर. शेवटची परीक्षा नुकतीच पास झाले. पोटातला प्रत्येक अवयव आम्ही दोनदा बघतो, एकदा आडवा, एकदा उभा. एकाच बाजूनं बघितलं की फसगत होते.

आज खुलताबादहून माझा दादा आमच्या वडलांना, आबांना घेऊन आला. "आबांना अपचन होतंय. सोनोग्राफी कधी केली नाय, तूच बघ," म्हणला.

पोटाला जेल लावलं, बरगडीखाली मशीनचा प्रोब टेकवला. मी काही सांगायच्या आधीच आबा डाव्या कुशीवर वळले, उजवा हात डोक्यावर घेतला अन् श्वास रोखून धरला.

पहिल्यांदा आलेल्या पेशंटला हे दहादा सांगावं लागतं.

"आबा, कितव्यांदा करताय?"

"चौथ्यांदा असंल. तुझी परीक्षा होती ना बाळा."

लिव्हरमध्ये काळपट गाठ होती. आडवी मापली, उभी मापली. दोन्हीकडून मोठीच.

बाहेर दादानं मान खाली घालून जुने रिपोर्ट दिले. "वाटलं, तुझं तुलाच दिसलं, की आम्हाला तोंडानं सांगावं लागणार नाय."

सगळ्यात वरच्या रिपोर्टवर माझ्या निकालाची तारीख होती. त्या दिवशी संध्याकाळी आबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. परीक्षा तर तेव्हा संपली होती.

जे बघायला मला शिकवलं, तेच घरानं माझ्यापासून लपवलं. तुमच्याकडंबी असंच करतात का?