ह्यांची पहिली मॅच आणि माझी साबुदाण्याची पिशवी

विसरलात ना?

सकाळपासून फोन उशाशी घेऊन बसलेय. घरच्या ग्रुपवर एकाचाही मेसेज नाही. ब्याऐंशी वर्षांची मी, आणि बदाम खायची गरज तुम्हाला.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

मी बोलतेय, नात रिया टाइप करतेय. मला अक्षरं येत नाहीत, आकडे तेवढे येतात. तेव्हा चुका तिच्या, टोमणे माझे.

तुमच्यातल्या निम्म्यांना वाटतं, रिटायर झाल्यावर हे गार्डनमध्ये टोमॅटो लावायचे.

टोमॅटो मी लावायचे. हे रायफल चालवायचे.

कॉव्हेंट्रीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं ह्यांनी पार्ट तपासले. हा पास, हा नापास. रिटायर झाले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. म्हणायचे, "आता मला कोण काय विचारणार?"

मी विचारायचे की. चहा घेणार का, रोज चार वेळा.

मग फॅक्टरीतलाच ग्रॅहम एकदा त्यांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. संध्याकाळी परत आले ते बूट न काढताच किचनमध्ये.

"अगं, गोळी हरभऱ्याएवढी. आणि तीनशे यार्डांवर ताटलीएवढी लोखंडी प्लेट. वारा आला की गोळी हातभर सरकते."

"मग जवळ जाऊन मारा की," मी म्हटलं.

सत्तराव्या वर्षी माणसाने सर्टिफिकेटचा, म्हणजे रायफलच्या परवान्याचा, फॉर्म भरला. पोलीस घरी आला, सगळं विचारून गेला. रायफलचं कपाट भिंतीला बोल्टने ठोकलं. त्याची किल्ली कुठे असते ते मला कळता कामा नये, असा इथला कायदा. बावन्न वर्षांच्या संसारात माझ्या जुडग्यात नसलेली ती एकच किल्ली.

मॅच म्हणजे आरामात झोपून नेम धरणं नाही हं. कधी टायरवर, कधी शिडीवर रायफल टेकवायची. नव्वद सेकंदांत दहा गोळ्या, की एक स्टेज संपली. आणि ह्यांची सवय प्रत्येक गोष्ट तीनदा तपासायची. पहिल्या प्रॅक्टिसला नव्वद सेकंदांत चार गोळ्या झाल्या.

मग आम्ही घरी तालीम सुरू केली. रायफल कपाटात, ह्यांच्या हातात छत्री. छत्री डायनिंगच्या खुर्चीवर टेकवायची, नेम फ्रिजवर. मी मायक्रोवेव्हवर नव्वद सेकंद लावायचे आणि ओरडायचे, "चाळीस राहिले. तपासणं पुरे."

मॅचच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "शेवटची स्टेज तीनशे यार्डांची आहे. तिथे एक तरी लागायला हवी. शून्य आलं तर रायफल विकून टाकतो."

रायफल गेली की पुन्हा ती खुर्ची, एवढं मला कळत होतं.

आता माझा पराक्रम ऐका.

रायफलखाली ठेवायला प्रत्येकाकडे एक छोटी पिशवी असते. ग्रॅहमची मी दाबून पाहिली होती. आत बारीक, गोल, हलके मणी. म्हटलं, हा तर साबुदाणा. जुन्या परकराची दुहेरी पिशवी शिवली आणि दोन पाकिटं साबुदाणा भरला. हे एकदम खूश.

मॅचच्या दिवशी सकाळपासून पाऊस.

भिजलेला साबुदाणा काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

शेवटच्या स्टेजपर्यंत पिशवी टम्म फुगली. शिवणीतून चीक बाहेर. हे रायफल उचलायला गेले तर तिला चिकटून पिशवी वर आली, आणि पिशवीबरोबर खालची फळीसुद्धा. कसला नेम आणि कसलं काय. नव्वद सेकंद संपले.

शून्य.

ग्रॅहमने बोट लावून पाहिलं. "हू ऑन अर्थ मेड धिस?"

हे म्हणाले, "आय डिड. माय मिस्टेक."

आमटीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांसमोर सांगणारा हा माणूस. मी छत्रीखाली तशीच उभी राहिले.

परत येताना गाडीत म्हणाले, "विकतो मी."

म्हटलं, "खुशाल विका. पण आजचं शून्य माझं आहे. तुमचं अजून यायचंय."

मग हसायला लागले. इतके, की गाडी बाजूला घ्यावी लागली.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. या वेळी पिशवीत मोहरी, आणि तिला आतून प्लास्टिक.

तीनशे यार्ड. एक गेली. दोन गेल्या. आठ गेल्या, सगळ्या गवतात. मी आकडे मोजत होते आणि स्टुलाची कड घट्ट धरली होती.

नववी. बार झाला आणि मग काहीच नाही. एक श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ.

मग लांबून, बारीक. ठण्ण.

दुर्बिणीवरचा माणूस म्हणाला, "इम्पॅक्ट." तो शब्द कुणी समजावून सांगायची मला गरज पडली नाही.

त्या दिवशी हे शेवटून दुसरे आले. घरी मात्र असे आले, की शेजाऱ्यांना वाटलं लॉटरी लागली. पुढची नऊ वर्षं एक मॅच चुकवली नाही. शेवटी शेवटी नवीन आलेली माणसं ह्यांनाच विचारायची, वारा किती धरू, नेम किती सरकवू. हे तीनदा तपासून उत्तर द्यायचे.

ती खुर्ची मी चॅरिटीला देऊन टाकली होती. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

रिया विचारतेय, "आजी, एवढं सगळं लिहू?"

लिही. आजोबा तुझे आहेत.

अहो, तुमचा मला फार अभिमान वाटतो. समोर असताना कधी म्हटलं नाही. उगाच चढून बसला असता.

तर मंडळी, फुलं पाठवू नका. रविवारी रेंजवर ह्यांच्या नावाने मॅच आहे, तीस माणसं येणार. पेढे नकोत, लाडू नकोत, तुपकट काही नको, बोटं रायफलच्या बोल्टवरून घसरतात. तिखटमिठाच्या पुऱ्या पाठवा. कडक तळलेल्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्या दारात.