डेलनं बाहेर काढलेला डबा

डेल प्रुइटला जाऊन पंधरवडा उलटला, तरी त्याच्या दारचा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेलाच उभा होता. कचरागाडी कधीच येऊन तो रिकामा करून गेली होती. ॲरिझोनाच्या उन्हात त्याचं झाकण दिवसभर तापायचं, रात्री निवायचं, आणि त्याची बायको अर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत बसायची.

त्यांच्या वसाहतीच्या सोसायटीला नियमांची भारी हौस. दाराचा रंग कोणता, अंगणातली खडी कोणत्या जातीची, सगळं ठरलेलं. डबा सोमवारी ऊन उतरल्यावर बाहेर काढायचा आणि मंगळवारी अंधार पडायच्या आत गॅरेजमध्ये घ्यायचा. डेलनं जन्मभर शाळेची बस चालवली, वेगाची मर्यादा कधी ओलांडली नाही. पण डब्याच्या बाबतीत तो पक्का गुन्हेगार होता. फार वर्षांपूर्वी एकदा गाडी लवकर येऊन गेली आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला खाल्लेल्या टर्कीची हाडं आठवडाभर दारात घमघमली. तेव्हापासून सोमवारी जेवण झालं की भर दुपारी त्याचा डबा बाहेर. सोसायटीची पांढरी मोटार फोटो काढत फिरायची, नोटीस यायची, तो ती वाचून डब्यातच टाकायचा.

त्या सोमवारीही तेच झालं. अर्लीन खिडकीतून ओरडली होती, “ऊन तरी उतरू दे, डेल! परत नोटीस येईल. मेलं लाजच नाही तुला.”

तो डबा ढकलत पाठमोरा चालला होता. मागे न वळता म्हणाला, “येऊ दे.”

बस, तेवढंच. मग तो आत येऊन आरामखुर्चीत पडला, तो उठलाच नाही.

लोक आले. कोणी चीज घातलेले बटाटे आणले, कोणी पीच घातलेला केक. डेलसारखा शिस्तीचा माणूस वसाहतीत झाला नाही, असं जो तो सांगू लागला. मेल्या म्हशीला मणभर दूध! अर्लीनला हसू आलं आणि हे सांगायला डेल नाही म्हणून रडूही आलं. तिला एकच गोष्ट कुरतडत होती. ते “येऊ दे” त्यानं रागानं म्हटलं की कसं? त्याचा चेहरा तिला दिसला नव्हता. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे वैतागच का?

आणि डबा. तो बाहेर काढायचं आणि आत घ्यायचं काम डेलचं, लग्न झाल्यापासून. त्यानं काढलाय, तोच घेईल. आपण घेतला, तर तो आता येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. अर्लीन वेडी नव्हती. पण डब्याला हात लावायला तिचा जीव धजत नव्हता. सोसायटीची पाकिटं येत राहिली. ती न फोडता पावाच्या पेटीवर ठेवत गेली.

शेवटी सुनावणी लागली. सोसायटीचा अध्यक्ष ग्लेन होस्टेटर, डेलचा पत्त्यांतला भिडू, स्वतः दारात येऊन विनवून गेला होता. “अर्लीन, मी आत ढकलू का? कुणाला कळणार नाही.”

“हात लावून तर बघ,” ती म्हणाली होती.

क्लबहाऊसमध्ये मात्र तो एकदम परका झाला. “मिसेस प्रुइट, आपल्याविरुद्धचे पुरावे दाखवतो,” म्हणाला आणि घसा खाकरला. “पहिला भंग. सोमवार. डबा वेळेआधी बाहेर.”

भिंतीवर त्या शेवटच्या सोमवारचा फोटो उमटला. पांढऱ्या मोटारीतून, रस्त्याच्या बाजूनं काढलेला. डब्याभोवती सोसायटीनं लाल गोल काढला होता. गोलाच्या बाहेर, झाकणावर हात ठेवून, डेल उभा होता. मागे खिडकीत अर्लीनची अंधुक आकृती, हात कमरेवर. आणि डेल हसत होता. तोंड दाबून, खोडी काढलेल्या पोरासारखा, एकटाच हसत होता.

“दुसरा भंग,” ग्लेन म्हणाला.

“थांब. हाच राहू दे.”

ग्लेननं चष्मा काढून पुसला, मग हळूच म्हणाला, “अगं, हा नोटिशीबरोबर पाठवला होता तुला. घरीच असेल.”

“सगळे भंग मान्य आहेत मला,” अर्लीन उठत म्हणाली. “डबा आत्ताच आत घेते.”

घरी येऊन तिनं आधी पाकीट फोडलं, फोटो फ्रिजवर लावला. मग बाहेर गेली. डब्याची चाकं कुरकुरली. गॅरेजचं दार बंद झालं आणि तिथंच डब्यावर डोकं टेकून ती पोटभर रडली.

सोमवारी जेवण झाल्यावर तिनं भर उन्हात डबा बाहेर काढला. खिडकीतून ओरडायला कोणी नव्हतं. तरी ती क्षणभर पाठमोरीच थांबली, ऐकत.

“येऊ दे,” ती म्हणाली.