खंडेनवमीचं ठिगळ

आमच्या साहेबांना ‘पॅच’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, ठिगळ. मी पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, “साहेब, मेलच्या सर्व्हरला पॅच मारायचाय, दोनतीन तास बंद ठेवावा लागेल,” तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “का? फाटलंय कुठं?” मी म्हटलं, फाटलेलं नाही, पण ज्यांनी तो बनवला त्यांनाच त्यात भोकं सापडलीत. चोर शिरायच्या आधी ती बुजवायची. साहेब म्हणाले, “चालतंय ना? मग चालू दे.” आणि समोर बसलेल्या दोघा पाहुण्यांकडे बघून असे हसले, जसा काही मी सुईदोरा मागायलाच आलो होतो.

मी सापगावचा. शहापूरहून किन्हवलीमार्गे रोज मोटारसायकल हाकत मुरबाडच्या एमआयडीसीत जायचो. फॅक्टरीत कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटाच. पद केवढं भारदस्त, आणि काम काय, तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं! सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीची चहाची खोली. भिंतीला अजून बेसिन होतं, नळ ठिबकत होता, आणि त्याच्यापासून चार हातांवर अख्ख्या फॅक्टरीचे मेल आणि फोन सांभाळणारी दोन मशिनं घरघरत उभी होती. नळ बदला म्हणून मी अर्ज दिला होता. त्यावर शेरा आला, “खाली बादली ठेवावी.”

दर महिन्याला पॅच यायचे आणि दर महिन्याला मी विचारायचो. चैत्रात ऑर्डरची गडबड, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, गणपतीत माणसं नाहीत. उत्तर ठरलेलं, “चालतंय ना?” अरे, गुरांच्या डॉक्टरला तरी कुणी असं सांगतं का, की म्हैस उभी आहे ना, मग लस कशाला? पण यांना सांगणार कोण? कल्याणहून एसी गाडीत यायचं, दुपारी डबा खाऊन डुलकी काढायची आणि मीटिंगमध्ये डिजिटल डिजिटल म्हणून टेबल बडवायचं. मला त्या माणसाची मनापासून चीड होती, आणि ती मी घरी जेवताना बायकोला रोज वाढायचो.

फॅक्टरीत सर्व्हरची खरी काळजी एकाच माणसाला होती, आणि तिला तो उघडताही येत नव्हता. आमची टेलिफोन ऑपरेटर. टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरून जीपने यायची. नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. आवाज इतका स्वच्छ, की मुंबईची पार्टी तिच्याशी आपोआप अदबीने बोलायची. बाहेरच्यांच्या तक्रारी आधी तिच्याच कानावर यायच्या.

श्रावणात ती मला म्हणाली, “दादा, लोक सांगतात तुमची मेल तासाने येते.”

मी तपासलं. जगातल्या निम्म्या कंपन्यांचे मेल ज्या एका मोठ्या सेवेतून जातात, तिने आमचा जुनाट सर्व्हर ओळखला होता. तिची नोटीस माझ्याकडे आलेलीच होती. आधी तुमचे मेल थोडे उशिरा घेऊ, मग जास्त उशिरा, आणि तरीही पॅच मारला नाहीत तर घेणारच नाही. आमच्या हेड ऑफिसचे मेलही त्याच सेवेवर. मी नोटिशीची प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला, आणि स्वतःवर काय खूश झाले! “खंडेनवमीला मशिनं बंदच असतात. पूजा झाली की बारा वाजता तुझं ते ठिगळ लाव.” मला पटलं. बारा ते दोनमध्ये काम उरकलं असतं.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसकडून निरोप आला. आमच्या प्लान्टमधून कॉन्ट्रॅक्टवरचा एक माणूस कायम करता येईल. नाव खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत मेलने पोचलं पाहिजे, नाही पोचलं तर जागा दुसऱ्या प्लान्टला जाईल. नाव ऑपरेटरचंच जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. या एका बाबतीत साहेबसुद्धा शहाण्यासारखे वागले. ती दोन दिवस हसत होती. मला म्हणाली, “दादा, कायम झाले ना, की लेकीला मुरबाडच्या शाळेत घालीन. आमी इथंच खोली घेऊ.”

खंडेनवमीला अकरा वाजता पूजा सुरू झाली. लेथ, प्रेस, वजनकाटा, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मग फिटरकाका ताट घेऊन चहाच्या खोलीत शिरले. फॅक्टरीतला सगळ्यात जुना माणूस, त्यांना अडवणार कोण? त्यांनी सर्व्हरच्या बटणावरच कुंकवाचं बोट टेकवलं, माळ चढवली, आणि मी “काका, नको, नको” म्हणेपर्यंत चिमूटभर अक्षता पंख्याच्या जाळीवर उधळल्या. तांदूळ आत जाऊन कडकड वाजले. काकांनी हात जोडले. म्हणाले, “बघ, बोलला.”

बारा वाजता मी बाह्या सरसावून बसलो, तर काका दारात.

“काय करतंस रे?”

“पॅच मारतोय.”

“आज? पूजा झालेल्या हत्याराला दसरा झाल्याबिगर हात लावायचा नाय.”

“काका, हे हत्यार नाही हो, सर्व्हर आहे. आणि तो बंद कुठंय? चालूच आहे!”

“चालू दे ना. तू उघडू नको. सोन्यासारखा चाललाय.”

मी साहेबांकडे गेलो. साहेब प्रसादाचा शिरा खात होते. “जाऊ दे रे, कामगारांच्या भावना असतात. परवा कर. चालतंय ना?” अहो, तुम्हीच दिलेला दिवस! पण शिऱ्यापुढे माझं कोण ऐकतो?

माझं डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तो सर्व्हर बंद पडायलाच हवा होता. चांगला तोंडावर आपटू दे, मग कळेल यांना फाटलंय कुठं ते. मी बॅग भरली. म्हटलं, बसा आरत्या करत.

अडीचला निघताना ऑपरेटरने मला काचेतून हाक मारली. “दादा, माझ्या नावाची मेल आताच केली म्हणे ऑफिसातून. गेली का, जरा बघाल?”

आणि मी, ज्याला त्या दोन शब्दांचा वर्षभर संताप येत होता, तो मी हेल्मेट चढवत तिला म्हणालो, “सर्व्हर चालतोय ना? मग गेली असेल.”

दसऱ्याला मी सापगावात सोनं वाटत फिरलो. भावकीत प्रत्येकाला फॅक्टरीतल्या गाढवांची गोष्ट रंगवून सांगितली. माझ्या नकला चांगल्या होतात, लोक पोट धरून हसले.

तिसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या हाताने माळ उतरवून दिली आणि मी पॅच मारला. दोन तास लागले. कुणाला कळलंसुद्धा नाही. सर्व्हर पुन्हा उभा राहिल्यावर मी परत आलेल्या मेलची यादी उघडली. तिसऱ्याच ओळीत हेड ऑफिसचा पत्ता होता आणि विषय होता, ‘कायम करण्यासाठी नाव’. खंडेनवमीला दोन वाजून वीस मिनिटांनी गेली होती आणि दोन वाजून वीस मिनिटांनीच त्या मोठ्या सेवेच्या दारातून परत आली होती. पाठवणारा प्रसाद घेऊन घरी गेलेला. मी निघालो तेव्हा ती परत येऊन पडलेली होती, आणि हेड ऑफिस संध्याकाळी सहापर्यंत उघडं होतं.

हेड ऑफिसला फोन झाले. साहेबांनी केले, मीही केले. तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, तुमच्याकडून काहीच आलं नाही, जागा दुसरीकडे दिली, आता पुढच्या वेळी बघू. साहेबांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, “आता तरी चालतंय ना नीट?” वर्षभर मी या माणसाला सुनवायची वाक्यं पाठ करत होतो. ती तशीच ठेवून मी केबिनबाहेर पडलो.

मी ऑपरेटरच्या काचेपाशी गेलो. तिला ऑफिसातून कळलेलं होतं. डोळे सुजलेले, पण हेडफोन कानावर नीट लावलेला. मी म्हटलं, “ताई, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत, मी बघितलं नाही. तेव्हा बघितलं असतं, तर तुमचं नाव फोनवर सांगता आलं असतं.”

तिने समोरच्या फोनच्या बोर्डावरचे दिवे एकदा बघून घेतले.

“बघायला किती टाइम लागला असता, दादा?”

“एक मिनिट.”

तिने मान हलवली. तेवढ्यात एक दिवा लागला, तिने बटण दाबलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, “नमस्कार, मुरबाड प्लान्ट. कुणाशी बोलायचंय?”