बेंबी जागेवरच होती
काल सुनेनं तव्यावर ओवा भाजला आणि त्या वासासरशी मला आमचं बुडालेलं घर आठवलं. गावाखाली धरण ठरलं त्या साली धरणवाल्यांच्या माणसांनी आमच्या भातखाचरांत, पार घराच्या मागल्या भिंतीपर्यंत, खुंट्या ठोकल्या. इथवर पाणी येणार म्हणाले. तेव्हापासून बायकोच्या पोटात अन्न ठरेना. पेज प्यायली तरी उलटून पडायची. ओवा झाला, हिंग झाला, शेवटी बेंबी सरकली असंल म्हणून मी वरच्या वाडीतल्या म्हातारीला घेऊन आलो. तिनं बायकोला उताणं निजवलं, बेंबीवर पिठाचा दिवा पेटवून ठेवला आणि वर तांब्या उपडा घातला. तांब्यानं कातडी आत ओढून धरली. आता हिला बरं वाटणार म्हणून मी बघत बसलो. म्हातारीनं तांब्या काढला, पोट चाचपलं आणि म्हणाली, "बेंबी जाग्यावर हाय. कसला घोर लागलाय गं पोरी?" बायको पडल्या पडल्या म्हणाली, "मावशी, पाणी आल्यावर आमी चूल कुटं मांडायची?" म्हातारी माझ्याकडं वळली. "सांग की रं तिला! घरधनी न्हवं का तू?" मी तांब्या उचलला आणि परसात धुवायला नेला. पाणी यायच्या आधीच बायको गेली. तिला जाळली ती जागाही आता धरणात आहे. हल्ली लोणावळ्यात मुलाकडं जेवायला बसलो की माझाही घास छातीशी अडतो. डॉक्टर म्हणतो, "आबा, वय झालं की पचन मंदावतं." मी व्हय म्हणतो आणि गोळ्या घेऊन घरी येतो.