कुसुम आणि तिसऱ्याचा रोबोट

नवा रोबोट हातात आला की कुसुम आधी त्याचा खांदा पिरगाळायची. खोक्यातून बाहेर काढला, तंगडी धरून उलटा केला आणि दिला एक पीळ, कोंबडीची मान पिळावी तसा. मग उंबऱ्यावर दोन दणके. ज्याचा रोबोट असेल तो माणूस समोर उभा राहून "अहो, अहो" करायचा. कुसुम त्याच्याकडं बघायचीसुद्धा नाही. सांधा उजव्या कानाला लावून ऐकायची. डावा कान तिचा गेलेला होता. "सांधा बोलतो, काकू," मला म्हणायची. "गोडीत इचारलं तर न्हाय बोलत. पिरगाळला की बोलतो."

आता रोबोट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी बरळायला लागली. हा खेळण्यातला माणूस असतो, वीतभर उंच. हातपाय घडी करून आत घातले, मान खाली दाबली की त्याचा ट्रक होतो. उलगडला की परत माणूस. मला वाटायचं हे लेकरांचं खेळणं. तसं नाही. मोठी मिशावाली माणसं ही जमवतात, काचेच्या कपाटात ठेवतात आणि बायकोपेक्षा जास्त जपतात. त्यांचे रोबोट मोडले की ते कुसुमकडं यायचे. परंड्यात! पार पुण्याहून कुरिअरनं खोकी यायची.

कुसुम गेली त्याला दोन उन्हाळे झाले. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेली. गावात तिची आठवण काढली की लोक म्हणतात, भांडकुदळ बाई. होतीच. मी काही तिला देवी करायला बसले नाही. पण सात वर्षं ती माझ्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिली, आणि मी ओसरीत ब्लाउज शिवत बसलेली असायची, त्यामुळं मी जे बघितलं ते गावानं बघितलेलं नाही.

पहिल्यांदा बघितली ती स्टँडजवळ. पत्र्याच्या आडोशाला बसून छत्र्या, बॅगांच्या चेनी, कुकरचे दांडे दुरुस्त करायची. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "बाई, थोट्या हातानं काय दुरुस्त करणार?" तिनं त्याच्याच कुकरचं झाकण उचललं आणि असं भिरकावलं की त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. तो शिव्या देत गेला. ती उठली, झाकण उचलून आणलं, दांडा बसवला आणि बाजूला ठेवून दिलं. मला म्हणाली, "येतंय संध्याकाळी घ्यायला. बायकू पाठवंल त्याची." पाठवलीच की बायको! मी हसत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तिला खोली दिली.

रोबोटांचा नाद तिला गोरे सरांनी लावला. सर इथल्याच शाळेत गणित शिकवायचे. छडी हातात असली की पोरं चळचळा कापायची, आणि घरी हा माणूस खेळण्यांवरची धूळ ब्रशनं झाडायचा. त्यांच्या एका रोबोटाच्या खांद्यातली खीळ तुटली. कुसुमनं छत्रीची तार कापली, घासली आणि खीळ म्हणून ठोकली. असली बसली की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथून पुढं सरांच्या ओळखीनं सगळे यायला लागले.

त्या धंद्यात दोन जातीचे रोबोट असतात. ज्या कंपनीचं ते कार्टूनमधलं पात्र असतं, नाव असतं, तिनं बनवलेला एक. सर त्याला ऑफिशियल म्हणायचे. आणि दुसरा म्हणजे भलत्याच कुणीतरी, न विचारता, तेच पात्र स्वतःच्या डोक्यानं बनवलेलं. त्याला थर्ड पार्टी म्हणायचे. कुसुम एकाला "कंपनीचा" म्हणायची आणि दुसऱ्याला "तिसऱ्याचा". दोन्ही मांडीवर घेऊन मला शिकवायची, मी काज करता करता ऐकायची.

"कंपनीवाल्याला भ्या असतं, काकू. लेकराचं बोट कापलं म्हंजी? मग कोपरं गोल ठिवतो. सांधा असा करतो की लई जोर लावला तर निखळून पडावा, आन् दाबला की परत बसावा. बघा." आणि कट्‌कन हात उपटून दाखवायची, परत बसवायची. "तिसऱ्याला कुनाचंच भ्या न्हाय. त्यो मोठ्या मानसांसाठी बनवतो. धातू घालतो, कोपरं धारदार ठिवतो, सांध्यात दातं बसवतो. निखळत न्हाय. मोडला तर मोडलाच, पन मोडायच्या आदी तुमचं बोट घीन. दिसतो कसा बघा, वाघावानी."

"मग तुला कुठला आवडतो?"

"तिसऱ्याचा," लगेच म्हणायची. "पन त्यानं आपलं नाव सांगावं. नाव चोरलं की म्या त्याला ठिवत न्हाय."

हे नावाचं तिला इतकं का लागायचं ते मला कळायला दोन वर्षं लागली. एकदा भाकरी थापता थापता आपणहून बोलली. सतरा वर्षांची असताना ती तेरखेड्याकडं एका शोभेच्या दारूच्या शेडवर कामाला होती. तो मालक आणि ती शेड दोन्ही आता नाहीत. बाजारात खपायचा तो माल दुसऱ्या कारखान्याचा, म्हणून मालक त्यांची रिकामी खोकी आणायचा आणि पोरींकडून आपला माल त्यात भरून घ्यायचा. दुसऱ्याच्या बाँबची वात लांब, ह्यांची आखूड. पोरींना सगळं माहीत. त्यांनीच तर भरलेला! एक दिवस बाहेरगावचा व्यापारी आला, म्हणाला एक वाजवून दाखव. कुसुमनं ढिगातलं खोकं उचललं, वरचं नाव वाचलं, आणि आतला बाँब लांब वातीचा आहे असं समजून हातात धरूनच पेटवला. फेकायला वेळ आहे अशा हिशेबानं.

"म्याच भरला व्हता, काकू. ह्याच हातानं. आन् खोकं वाचून म्याच इसरले." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "बोटं भितीवर जाऊन चिकटली. शेजारच्या रत्नाचा डोळा गेला. तिला अजून वाटतं नशीब. म्या तिला सांगितलं न्हाय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली.

आता राजूचं सांगते. राजू तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तर हिनंच त्याला कडेवर वाढवलेला. बार्शीत कुरिअरच्या गाडीवर होता, दर रविवारी जेवायला यायचा. गोड बोलायचा. त्याला कुठून तरी तिसऱ्याच्या रोबोटांची वाट सापडली आणि तो ते विकायला लागला. कुसुमला आनंद झाला, भाऊ आपल्या वळणावर आला म्हणून. दुरुस्तीला आलेल्या रोबोटांची रिकामी कंपनीची खोकी तिच्याकडं पडलेली असायची. "अक्का, रद्दी नेतो," म्हणून तो ती घेऊन जायचा. हिनं कधी विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी बारा-साडेबाराला गोरे सर दारात. हातात खोकं, अंगठ्याला चिंधी. राजू ओसरीत ताटावर बसलेला. सर त्याच्याकडं बघून म्हणाले, "सहा वर्षं कपाटात ह्या एकाची जागा मोकळी ठेवली होती. तू कंपनीचा म्हणून दिलास. कंपनीचा असा कापत नाही." अंगठा दाखवला.

राजू हसला. "सर, माझ्यावर भरोसा नसंल तर अक्काला इचारा. तिच्यावर तर हाय ना?"

"ती तुझी बहीण आहे," सर म्हणाले. मग कुसुमकडं वळले. "कुसुमताई, सोनारीला चला. भैरवनाथाच्या पायरीला हात लावून सांगा कंपनीचा आहे म्हणून. मी घेतो ऐकून, परत बोलणार नाही."

कुसुमनं हात धुतले. "सर, आमी बौद्ध मानसं. देवाला मधी घालू नका, आन् माझ्या बोलन्यावर बी जाऊ नका. काकू, मशिनीवरला पेचकस द्या."

मी दिला. राजू अजून निवांत होता. त्याला वाटत होतं अक्का आपलीच आहे. तिनं ओसरीवर बैठक मारली. तिच्या दुरुस्तीतला एक कंपनीचा रोबोट डावीकडं ठेवला, सरांचा उजवीकडं. डावीकडच्याला पीळ दिला, खांदा निखळून हातात आला, दाबला, बसला. उजवीकडच्याला दिला. कट कट कट आवाज झाला, पण निखळला नाही. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, दंडाच्या शिरा वर आल्या, तरी नाही.

"बघा की किती मजबूत!" राजू म्हणाला. "अक्का, सांग ना सरांना. चांगलाच हाय का न्हाय?"

"चांगला हाय," कुसुम म्हणाली. तिनं सरांच्या रोबोटाच्या मांडीचा स्क्रू खोलला, आतली धातूची चकती सरांना दाखवली. "कंपनीपेक्षा चांगला हाय, सर. पन कंपनीचा न्हाय. तिसऱ्याचा हाय. खोकं माझ्या दुकानातलं हाय."

राजूचा घास हातातच राहिला. "अक्का, अजून नऊ जनांला दिलेत म्या," हळू म्हणाला. "हे एक बोललं की समदे येतील. नोकरी जाईल माझी. जरा इचार कर."

"त्या नऊ जनांला बी सांग."

"अगं चांगला हाय म्हनतीस ना तूच! मग फसवलं कुटं?"

"चांगला हाय तर त्याच्या नावानं का न्हाय इकला?"

पुढचं इतक्या झटक्यात झालं की मला आजही तुकड्यातुकड्यात दिसतं. राजू उठला, ताट उधळलं, बहिणीच्या हातातला तोच रोबोट हिसकला आणि तिच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. त्या धातूच्या धारदार कोपऱ्यानं तिचा गाल डोळ्याखालून ओठापर्यंत फाटला. दोन दात माझ्या शिवायच्या कापडावर येऊन पडले. सर भिंतीला चिकटून उभे. शाळेत छडीचं मोठं नाव, आणि इथं पाय हलेनात! मी मापाची लोखंडी पट्टी उचलली आणि राजूच्या जबड्यावर घातली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. अजून एक घातली.

तेवढ्यात कुसुम उठली. गालाचं कातडं लोंबतंय, आणि बाई उठली! तिनं त्याचे केस धरले, खाली पाडला, छातीवर बसली आणि त्याचं डोकं ओट्यावर आपटलं. परत आपटलं. तिच्या तोंडातलं रक्त त्याच्या डोळ्यांत पडत होतं. "अक्का," तो लहान पोरासारखा ओरडला, "अक्का गं!" तिचा तीन बोटांचा हात वर गेलेला होता. तो तसाच थांबला. मग तिनं तो खाली घेतला आणि त्याच्या डोळ्यांतलं आपलं रक्त पुसलं.

रिक्षात घालून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?" मी आपली सवयीनं बोलून गेले, "पडली हो. ओट्याच्या पायरीवरनं पडली." आमच्या पिढीतल्या बायका कायम पायरीवरनंच पडत आल्या. मी स्वतः अठरा वर्षांच्या संसारात तीनदा पडले, एकदा हात मोडून घेतला, आणि डॉक्टरांनी ते दरवेळी लिहून घेतलं. नवऱ्याचं, दिराचं, चुलत्याचं नाव कधी घेतलं नाही, मग भावाला तरी कसं अडकवावं?

कुसुमनं तोंडातली रक्ताची गुळणी ट्रेमध्ये टाकली. शब्द फुटत नव्हता, तरी बोलली. "पडले न्हाय. भावानं मारलं. तसंच लिवा."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. अकरा टाके पडले. हवालदार आला, जबाब लिहून घेतला. तिनं तो वाचून दाखवायला लावला, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावला. तो म्हणाला, नीट लिहून काढतो, उद्या चौकीत येऊन सही करा. राजूला तोवर चौकीत बसवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही चूल पेटवून भाकऱ्या करते आहे. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. स्वतःला पेजसुद्धा गिळवत नव्हती. डबा भरला आणि म्हणाली, "चला." मी मनात म्हटलं, मोडली बाई. भावाला सोडवायला निघाली. आणि मला बरंही वाटलं, हे मी लपवत नाही.

राजू चौकीच्या व्हरांड्यात बाकावर होता, डोक्याला पट्टी. तिला बघून रडायलाच लागला. "अक्का, सही करू नगं. घरातली गोष्ट हाय. त्या नऊ जनांला म्या सोताहून सांगतो, समद्यांला. पन सही करू नगं."

"ते तू सांगशीलच. ते येगळं." तिनं डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. "खा."

त्यानं डबा ढकलला. भाकरी खाली पडली. तिनं उचलली, झटकली, परत ठेवली आणि त्याच्या समोर फरशीवर बसली. हवालदार म्हणाला, "बाई, आत या, उशीर होतोय."

"ह्यानं खाल्लं की येते."

अर्धा तास गेला असेल. मग राजूनं तुकडा मोडला. जबडा हलत नव्हता, मीच मोडलेला, तरी हळूहळू चावला, रडत चावला. दोन्ही भाकऱ्या संपल्या. कुसुमनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, डबा मिटून माझ्या हातात दिला, आणि आत जाऊन सही केली.